व्यक्तिशः लिहावे

पद्माकाकू गेल्या म्हणून मी मगदूम सरांना सांत्वनाचं पत्र पाठवलं, आणि हातातला चहा संपायच्या आत त्याला उत्तर आलं ते पद्माकाकूंचं.

ऑफिसातली जेवणाची सुट्टी होती. मी नाव पुन्हा वाचलं. पद्मावती मगदूम. उघडू की नको अशा विचारात थोडा वेळ गेला, मग उघडलं.

‘नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. मी थोडे दिवस बाहेर आहे. आल्यावर सवडीनं उत्तर लिहिते. तोवर झाडांना पाणी बेतानं घाला. – पद्मा.’

मी भित्री बाई नाही. कोल्हापुरात वाढले, एकटीनं दोन घरं बदलली, विम्याच्या दाव्यांसाठी मेलेल्या माणसांची कागदपत्रं रोज हाताळायचे. पण ते पत्र दुसऱ्यांदा एकटीनं वाचायची माझी तयारी नव्हती. शेजारच्या टेबलावर इनामदार डबा खात होते. ऑफिसात संगणकाचं काही अडलं की त्यांनाच हाक मारायची. मी त्यांना बोलावून पडदा दाखवला.

“त्यात काय मॅडम,” ते बोटं चाटत म्हणाले. “हे आपोआप जातं. रजेवर जाताना लावून ठेवतात लोक. पत्र आलं की यंत्रच उत्तर टाकतं. एका माणसाला एकदाच.”

“पण या बाई वारल्यात.”

“मग काढायचं राहिलं असेल,” असं म्हणून ते डब्याकडे परत गेले.

त्यांचं म्हणणं मला पटलं. तरी दुसऱ्या दिवशी मी त्याच पत्त्यावर एक रिकामं पत्र पाठवलं. या वेळी काहीच आलं नाही. इनामदारांनी सांगितलं होतं तसंच झालं, आणि मला मात्र पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. एकदा बोलून माणूस गप्प झाल्यासारखं ते होतं.

आता हे मगदूम कोण, ते सांगायला हवं. ही गोष्ट बरीच जुनी, मोबाइलवर गप्पांचे गट यायच्या आधीची. तेव्हा ईमेलवर गट चालायचे. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं, आणि मराठी आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहायचो. ‘परसदार’ हा असाच एक गट होता, घरामागच्या चार वाफ्यांत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत भाजीपाला लावणाऱ्यांचा. बार्शीपासून मस्कतपर्यंत तीनशेच्या वर माणसं त्यात होती. तो सुरू केला आणि काठी घेऊन सांभाळला सांगलीच्या भूपाल मगदूम सरांनी. सर टेलिफोन खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. स्वतः जैन, बटाट्याला हात न लावणारे, पण बटाट्याला करपा पडला असं कुणी विचारलं तर तितकंच चोख उत्तर देणारे.

झाडांपेक्षाही त्यांचा जीव होता तो उत्तर देण्याच्या पद्धतीवर. ज्या ओळीला उत्तर द्यायचं तेवढीच ओळ ठेवायची, बाकीचं सगळं छाटायचं. उत्तर त्या ओळीच्या खाली लिहायचं, वर नाही. ‘धन्यवाद’, ‘छान’, ‘मलाही असंच वाटतं’ एवढंच लिहायचं असेल तर लिहूच नये. वाढदिवस, बारसं, आजारपण, मरण यातलं काही गटावर आणायचं नाही, ज्याला लिहायचं त्यानं व्यक्तिशः लिहावं. मी पहिल्याच आठवड्यात सापडले. माझ्या कढीपत्त्याबद्दल विचारलं, आलेल्या सल्ल्याला एका ओळीचं उत्तर दिलं आणि खाली सगळ्यांची जुनी पत्रं तशीच लोंबत ठेवली. सरांनी लिहिलं, ‘आपण भाकरीबरोबर चूलही पाठवलीत.’

मी रागानं त्यांना व्यक्तिशः पत्र पाठवलं. उत्तर आलं ते त्यांच्या बायकोचं. ‘उज्ज्वलाताई, ते रागावले वाटतं. मनावर घेऊ नका. घरीसुद्धा मी सकाळी काय म्हणाले ते आधी म्हणून दाखवतात आणि मग त्याच्याखाली आपलं बोलतात. कढीपत्ता कुठल्या खिडकीत आहे?’

तेव्हापासून काकू माझ्या झाल्या. मीच काय, गटातल्या निम्म्या माणसांच्या झाल्या होत्या. सर गटावर टोचून बोलायचे, चिडलेला माणूस त्यांना व्यक्तिशः लिहायचा, आणि फुंकर घालायला काकू यायच्या. तिथून पुढे पोरांचे ताप, सासवांची दुखणी, बदल्या, लोणची, सगळं सुरू. सरांना लिहिलं की काकू उत्तर देतात हे आम्ही धरूनच चाललो होतो. ते कसं होतं, याचा विचार कुणी केला नव्हता. सर पत्रं वाचून त्यांच्याकडे सरकवत असतील असं मला वाटायचं.

आणि मग ते पत्र गटावर आलं.

‘सौ. पद्मावती यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. सांत्वनपर मजकूर गटावर टाकू नये. गटाचा विषय परसबाग हा आहे. ज्यांना लिहायचे असेल त्यांनी व्यक्तिशः लिहावे. – भूपाल मगदूम.’

गटावर कुणी एक अक्षर टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी मिरचीची पानं मुरडतात त्याबद्दल कुणीतरी विचारलं आणि सरांनी उत्तर दिलं. ओळ छाटलेली, उत्तर खाली. मला ते वाचवेना.

मग बार्शीच्या शालन बारबोले यांचा फोन आला. शाळेत शिकवायच्या. काकूंनीच आमची ओळख करून दिली होती.

“उज्ज्वलाताई, एक विचारू का? हसू नका.”

“विचारा की.”

“तुम्हाला काकूंचं काही आलं का? म्हणजे नंतर?”

मी हो म्हटलं.

“मला वाटलं मलाच आलं,” त्या म्हणाल्या. “मी घरात कुणाला बोलले नाही. मिस्टर म्हणाले असते डोकं फिरलं. पण ताई, त्या आहेत हो. कुठंतरी आहेत. मी रोज झाडांना पाणी बेतानं घालते.”

मी त्यांना इनामदारांचं शास्त्र समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते पटवून घ्यायचं नव्हतं. मी तरी कुठं पूर्ण पटवून घेतलं होतं? फोन ठेवल्यावर मला वाटलं, असे आणखी किती असतील. प्रत्येकानं व्यक्तिशः लिहिलं, प्रत्येकाला त्या बाईचं उत्तर आलं, आणि गटावर विचारायची सोय नाही म्हणून प्रत्येक जण आपापल्या घरात एकटा घाबरून बसलाय.

काही दिवसांनी सरांची सूचना आली. ‘परसदार हा गट या महिनाअखेरीस बंद करण्यात येत आहे. कारण विचारू नये.’

मी ती दोनतीनदा वाचली. सगळी माणसं जेमतेम चार ओळींत बोलणारी, पण सरांना तेवढंच होतं. पोरंबाळं नाहीत, गल्लीत कुणाशी बोलणं नाही, काकू गेलेल्या. गट बंद करून हा माणूस सकाळी उठून काय करणार होता? मला जे दिसायला लागलं ते बरं नव्हतं. रविवारी सकाळी मी सांगलीची एसटी पकडली.

विश्रामबागेतलं घर शोधायला वेळ लागला नाही. फाटकातच कुंड्यांची रांग होती, सगळ्या नुकत्याच भिजवलेल्या, एकाही पानावर धूळ नव्हती. बेल वाजवल्यावर उंच, वाळका, पांढऱ्या लेंग्यातला माणूस दारात आला. दाढी वाढलेली होती.

“कोण?”

“मी उज्ज्वला साळोखे. कोल्हापूरहून आले.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “कढीपत्ता,” ते म्हणाले. “पानांवर काळं. मावा होता.”

“हो सर.”

“गेला का?”

“कधीच गेला.”

“मग कळवायचं नाही का गटावर? विचारणाऱ्यानं शेवट काय झाला तो कळवावा, असा नियम आहे.” मग बाजूला होत म्हणाले, “या की. आत या.”

पुढच्या खोलीत संगणक होता, त्याच्या डोक्यावर क्रोशाचं झाकण मागे सारलेलं. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. सर आपल्या खुर्चीत बसले. दुसरीत बसू नये हे मला कुणी सांगायला लागलं नाही. मी पलंगाच्या कडेवर टेकले.

“सर, गट का बंद करताय?”

“कारण विचारू नये असं लिहिलंय.”

“ते गटावर. मी व्यक्तिशः विचारायला आले.”

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी बोटांनी टेबलाची कडा पुसली.

“माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. “गटावर लिहू नका म्हटलं, नाही लिहिलं कुणी. शिस्त लावली ती लागली. पण व्यक्तिशः लिहा असं मी लिहिलं होतं. स्पष्ट लिहिलं होतं. तीनशे माणसं आहेत बाई. मी एकेकाची मिरची, एकेकाचा दोडका वाचवलाय. एकानं लिहिलं नाही. सकाळी उठतो, हे चालू करतो, बघतो. दुपारी बघतो. पोस्टमन येतो त्याच्याकडे पण बघतो, वाटतं कुणी कागदावर लिहिलं असेल. माझ्यासाठी नका लिहू, माझा स्वभाव मला माहीत आहे. तिच्यासाठी दोन ओळी लिहायला काय झालं होतं लोकांना?”

मी म्हटलं, “सर, मी लिहिलं होतं.”

“मला नाही आलं.”

“त्याच दिवशी लिहिलं. उत्तरही आलं.”

“मी दिलं नाही.”

“तुमचं नाही. काकूंचं आलं.”

सर रागावतील याची माझी तयारी होती. पण त्यांचा आवाज एकदम लहान झाला. “असं बोलू नये,” ते म्हणाले.

“खोटं नाही बोलत. थोडे दिवस बाहेर आहे, आल्यावर उत्तर लिहिते, असं होतं. आणि तोवर झाडांना पाणी बेतानं घाला.”

त्यांनी खिडकीतून त्या भिजलेल्या कुंड्यांकडे बघितलं. “हे तिचंच,” ते म्हणाले. “मी जास्त घालतो म्हणून माझ्याशी भांडायची.”

मग त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. ते सरळ बसले.

“तुम्ही पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवलं?”

“पत्ता कोण बघतंय? तुमच्या पत्रावर उत्तराचं बटण दाबलं.”

त्यांनी संगणक सुरू केला. फोनच्या तारेतून जोडणी होताना तो नेहमीचा किरकिराट झाला, मग शांत झालं. दोनचार पानं उघडून ते एका जागी थांबले. मी उठून मागे उभी राहिले. उत्तरं कुठल्या पत्त्यावर जावीत असं विचारणारा एक लहानसा खाना होता, आणि त्यात काकूंचा पत्ता होता.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“मी.” त्यांनी खान्यावरून नजर काढली नाही. “गट नवा होता. लोक घरगुती लिहायला लागले. मुलीचं जमत नाही, सासूचे गुडघे. मला ते जमेना. एक्स्चेंजमध्ये आम्ही कॉल वळवायचो तसं तिला म्हटलं, हे तुझ्याकडे वळवतो. ती म्हणाली, वळवा. वळवलं आणि विसरलो.” ते थांबले. “मला वाटायचं मला कुणी लिहीतच नाही. आणि तिला लोक एवढं कशाला लिहितात.”

म्हणजे काकूंना आलेलं प्रत्येक पत्र सरांच्या नावचं होतं. आम्ही सगळ्यांनी सरांना लिहिलं होतं, कायम सरांनाच लिहिलं होतं, आणि त्यांचं टपाल त्यांनीच आपल्या दारावरून परस्पर पुढे पाठवलं होतं. बायको गेल्याचं कळवलं त्या पत्राची उत्तरंही त्याच वाटेनं गेली, आणि सगळ्या गटाचं सांत्वन गेलेल्या बाईच्या पेटीत जाऊन पडलं.

“तिची पेटी उघडता येते?” मी विचारलं.

“मीच उघडून दिलेली. पासवर्ड बदलायला सांगत होतो, बदलला नाही तिनं.” त्यांनी तो टाईप केला. मी दुसरीकडे बघितलं.

पान हळूहळू उमटायला लागलं. तेव्हाच्या जोडणीत एकेक ओळ खाली उतरायची. नाव, मग नाव, मग नाव. पान भरलं. खाली पुढच्या पानाचा आकडा होता, त्याच्यापुढे आणखी आकडे होते. सर पत्रं उघडत नव्हते. ते फक्त नावं वाचत होते, आणि ओठ हलत होते तेव्हा मला ऐकू आलं की ते नावं म्हणत नाहीयेत.

“दोडका. गच्चीवरचा पालक. अळू. हा मस्कतचा, पुदिना. लिंबू. लिंबू. शेवगा.”

“सगळी तुम्हालाच आहेत, सर.”

“हो,” ते म्हणाले. “दिसतंय.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही, पुढचं पान उघडलं.

मग मला शालनताई आठवल्या.

“सर, ते आपोआप जाणारं उत्तर तेवढं बंद करा. लोक घाबरलेत. बार्शीच्या शालनताई तर म्हणतात काकू कुठंतरी आहेत.”

“तिला येत होतं ते लावायला,” सर म्हणाले. “श्रवणबेळगोळला गेलो होतो तेव्हा मीच शिकवलं. मिरजेला दवाखान्यात जाताना लावून गेली असेल. चार दिवसांत येते म्हणाली होती. तपासणी आहे म्हणाली.” बोलता बोलता त्यांनी ते पान उघडलं. वर काकूंचा मजकूर होता, मी वाचलेला, अक्षरन् अक्षर तोच. खाली रजेच्या तारखा. कधीपासून, आणि कधीपर्यंत.

‘पासून’ पुढे काकू मिरजेला गेल्या त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. ‘पर्यंत’ पुढे काय होतं ते माझ्या लगेच ध्यानात आलं नाही. सरांच्या आलं. त्यांचा माउसवरचा हात थांबला.

डिसेंबरची शेवटची तारीख होती. पण वर्ष तिथं होतं ते फार पुढचं. इतकं पुढचं की ते वाचताना चुकल्यासारखं वाटलं. सरांनी वर्षाची यादी खाली ओढून बघितली. त्याच्या पुढचं वर्ष यादीत नव्हतं. यंत्र देत होतं त्यातलं सगळ्यात शेवटचं वर्ष काकूंनी घेतलं होतं.

“चुकून झालं असेल,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

“दिवसाचा खाना वेगळा आहे. महिन्याचा वेगळा, वर्षाचा वेगळा,” सर म्हणाले. “तीन ठिकाणी चुकून होत नाही. श्रवणबेळगोळच्या वेळी तिनं बरोबर परतीचा दिवस घातला होता. तारीख घातल्याशिवाय हे पान पुढे जात नाही.”

खोलीत पंखा फिरत होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. काकू तिथं त्या खुर्चीत बसून खान्यांत तारखा भरताहेत असं मला दिसायला लागलं होतं. चष्मा नाकावर, तोंडात कसलीशी सुपारी. त्यांना मी कधी बघितलंच नव्हतं, तरी दिसल्या.

“तिला माहीत होतं,” सर म्हणाले.

मी पडद्यावरची ती तारीख पुन्हा वाचली.

“डॉक्टरांनी तिला एकटीला काय सांगितलं होतं कोण जाणे. मला म्हणाली, तपासणी.” ते रिकाम्या खुर्चीशी बोलत होते, माझ्याशी नाही. “आदल्या दिवशी दुपारी इथं येऊन बसली. म्हणाली, जरा इकडे बघता का, बोलायचं होतं. मी म्हटलं थांब, एकाला उत्तर चाललंय. त्यानं सगळं वर लिहिलं होतं. उत्तर खाली का लिहावं ते मी त्याला समजावत होतो. चांगलं मुद्देसूद लिहिलं. वाचणारा वरून खाली वाचत येतो, आधी प्रश्न दिसला पाहिजे, मग उत्तर, असं सगळं. पाठवून मान वर केली तर ही उठून आत गेलेली. मी गेलो, विचारलं काय म्हणत होतीस. म्हणाली, राहू दे, तुमचं झालं ना? संध्याकाळी मी बस्तीत देवाच्या दर्शनाला गेलो. तेव्हा बसली असणार इथं.”

मी पुढे होऊन माउस हातात घेतला. ते पान मला डोळ्यांसमोर नको होतं. बंद करायचं बटण खालीच होतं.

“नको,” सर म्हणाले.

“पण लोकांना...”

“राहू दे. ज्यांनी अजून लिहिलं नाही त्यांचं पत्र आलं तर त्यांना पोच नको का मिळायला? ती घेऊ दे की रजा. तिनं मागितली आहे.” त्यांनी हळूच माझ्या हाताखालून माउस काढून घेतला आणि ते पान मिटवलं. मग पुन्हा त्या खान्यापाशी गेले, जिथं उत्तरांचा पत्ता होता. काकूंचा पत्ता एकेक अक्षर मागून पुसत आले. खाना रिकामा झाला तेव्हा ते जरा थांबले, आणि मग तिथं स्वतःचा पत्ता घातला.

“यापुढच्या पत्रांची उत्तरं इकडे येतील, आधीच्यांची तिच्याकडेच,” ते म्हणाले. “पण ही आलेली आहेत त्यांना उत्तरं द्यावी लागतील. आल्यावर लिहिते म्हणून सांगून बसली आहे सगळ्यांना. महिनाअखेरपर्यंत होणार नाही एवढी.”

“मग गट चालू ठेवा.”

“ठेवावा लागेल.”

त्यांनी यादीतलं सगळ्यात पहिलं पत्र उघडलं. कुडाळच्या सातार्डेकर नावाच्या माणसाचं होतं. ते नाव मला ओळखीचं वाटेना.

“गटातून काढून टाकलेला आहे हा,” सर म्हणाले. “तीन वेळा ताकीद दिली, ऐकेना. याला कुणी कळवलं?” आणि पत्र बघून म्हणाले, “मुळीच सुधारलेला नाही.”

सातार्डेकरांनी आपलं वर लिहिलं होतं, आणि खाली सरांचं निधनाचं पत्र तसंच्या तसं, त्याच्याखाली आणखी कुणाकुणाची पत्रं, कारल्याच्या वेलाचा जुना वाद, सगळं. सरांनी उत्तराचं पान उघडलं, बोट एका कळीवर ठेवलं आणि सवयीनं छाटायला घेतलं. कारलं गेलं. इतरांची पत्रं गेली. मग स्वतःचंच पत्र आलं. ‘सौ. पद्मावती यांचे’ या शब्दांशी बोट थांबलं. त्यांनी श्वास सोडला आणि तेही पुसलं.

“सांत्वनाला उत्तर काय देतात?” त्यांनी विचारलं. “कुठं लिहायचं, किती ठेवायचं, ते मला माहीत आहे. काय लिहायचं? ते तीच बघायची.”

“त्यांनी काय विचारलंय त्याला उत्तर द्या, सर. तुम्ही नेहमी देता तसं.”

सातार्डेकरांनी बरंच लिहिलं होतं. काकूंनी त्यांच्या मुलाला लिहिलेलं पत्र, काकूंचं कुळीथ पिठलं, देव त्यांच्या आत्म्याला वगैरे. त्या सगळ्यात प्रश्न एकच होता. सरांनी बाकीचं सगळं छाटलं आणि तेवढी ओळ ठेवली.

> सर, तुम्ही वेळच्या वेळी जेवता ना?

खाली ती उभी रेघ लुकलुकत राहिली. सर तिच्याकडे बघत बसले. फाटकाबाहेरून कुणीतरी सायकल घेऊन गेलं. मग त्यांनी एका बोटानं टाईप केलं.

नाही.

“एवढंच चालेल?” त्यांनी विचारलं.

“चालेल, सर.”

त्यांनी ते पाठवून दिलं. दिवस मावळल्यावर त्या घरात जेवत नाहीत, हे काकूंनी मला कधीतरी लिहिलं होतं. बाहेर ऊन अजून भरपूर होतं. तांदूळ कुठं आहेत ते मी त्यांना विचारलं, आणि स्वयंपाकघरात गेले.